माझ्या नावावरचे एकशे अठ्ठेचाळीस

डॉबर्स कोव्ह,
मे महिन्याचा तिसरा शनिवार

जिच्या हाताला माझा कान आता लागत नाही त्या वडील बहिणीस, म्हणजे मेल्विनाताईस, धाकट्या लिएंडरचा वाकून नमस्कार.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. (हे आधीच लिहितो, कारण आपल्या न्यूफाउंडलँडातून तिकडे अल्बर्टाला हाताने लिहिलेलं पत्र कधी येतं ते तुलाही माहीत आहे.) तुझा गुडघा कसा आहे? तेलखाणीच्या कॅम्पवरच्या त्या तीनशे राक्षसांना अजून तूच एकटी रांधून घालतेस, की हाताखाली कुणी दिलंय? इकडे तुझ्या भावजयीची, डल्सीची, तब्येत उत्तम आहे, माझीही आता बरी आहे, फक्त आवाज बसलाय, कावळ्यासारखा येतो. फोन न करता पत्र लिहितोय त्याचं एक कारण ते. हे पत्र तुमच्याच कॅम्पवर कामाला येणाऱ्या गार्लंडच्या हाती देतोय, त्याची पाळी सोमवारी सुरू होते, तो विमानातून उतरला की थेट तुझ्या हातात देईल. दाजी मजेत आहेत. ते तुझे नवरे असले तरी माझे शेजारी, रोज दिसतात आणि रोज मजेत असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल या पत्रात आणखी काही लिहीत नाही. पुढे कुठे त्यांचा उल्लेख आल्यासारखा वाटला तर तो तुझा भास समज.

तर झालं असं. गेल्या हंगामात खेकड्याच्या कारखान्यात लाइनवरच्या दोघींना धाप लागून उचलून बाहेर आणावं लागलं होतं, म्हणून यंदा एप्रिलातच दवाखान्याने सगळ्यांचा श्वास तपासायला माणूस धाडलं. माणूस म्हणजे कोण, तर ओडेसा, किपिंगांची नात, जिला आपण चर्चच्या पायऱ्यांवरून रांगत खाली येताना पाहिलंय! आता पांढरा कोट घालते आणि मला म्हणते, 'काका, धूम्रपान?' मी नाही म्हटलं. 'खरं सांगा, माझी आजी तुमच्या समोर राहते.' मग मी खरं सांगितलं. तिच्याजवळ बिस्किटाच्या डब्याएवढं यंत्र होतं. त्याची नळी तोंडात धरायची आणि फुंकायचं. मी छाती भरून जी फुंकर मारली, तिने यंत्र नाराज होऊन किंचाळलं. 'काका, वाढदिवसाच्या मेणबत्त्या नाहीत या. गरम सूप निववतो तसं, हळू, एकसारखं.' यंत्राच्या पडद्यावर एक चिमुकला ढग असतो, तो दोन रेघांच्या मध्ये ठेवायचा, खाली नाही, वर नाही, दहा सेकंद. (दहा सेकंद म्हणजे काय चीज आहे ते दमेकऱ्याला विचार. माझा ढग चार वेळा समुद्रात पडला.) पाचव्या खेपेला आकडा आला. अडुसष्ट. पंचविसाच्या आत असला तर उत्तम, पन्नासाच्या वर गेला तर आत आग लागलीय. ओडेसा म्हणाली, 'श्वासाच्या नळ्या आतून सुजल्यात काका. तुम्हाला कळत नाही, पण यंत्राला कळतं.' आणि निळ्या पंपाच्या जोडीला एक तपकिरी पंप दिला. निळा धाप लागल्यावर मारायचा, तपकिरी मात्र बरं वाटत असलं तरी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा.

ताई, तुझ्यापाशी काय लपवायचं, मला भीती वाटली. बाबांनाही सगळा गाव 'खेकड्याची सर्दी' आहे म्हणायचा. ती सर्दी दर मे महिन्यात यायची आणि जुलैत जायची, आणि एका मे महिन्यात ती आली आणि बाबाच गेले, एकोणसाठाव्या वर्षी, स्वयंपाकघरातल्या दिवाणावर, तुझ्या खांद्याला टेकून. मी कुठे होतो ते तू कधी विचारलं नाहीस. मी मागच्या अंगणात लाकडं फोडत होतो. मे महिन्यात! ती लाकडं लागणार नव्हती कुणाला, पण कुऱ्हाडीच्या आवाजात त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. मला आता सत्तावन्न चालू आहे. अडुसष्ट हा आकडा मला डॉक्टरी आकडा वाटलाच नाही, बाबांनी हाक मारल्यासारखा वाटला.

त्यात ओडेसाने दुसरा बॉम्ब टाकला. दोन आठवडे घरी न्यायचं एक छोटं यंत्र दिलं. कामाच्या दिवशी फुंकायचं, सुटीच्या दिवशीही फुंकायचं, आकडे आपोआप तिच्या फोनवर जाणार. कामाच्या दिवशी चढतो आणि सुटीला उतरतो असं दिसलं, की समजायचं कारखान्याची वाफच बाधते, आणि मग माझं लाइनवरचं काम बंद. एकतीस हंगाम मी त्या लाइनवर काढले, ताई. तिथून उठवून मला फाटकापाशी खुर्ची देऊन बसवतील, आणि येणारा-जाणारा म्हणेल, 'काय लिएंडर, बाबांच्या वाटेनेच का?' मी यंत्र घरी आणलं आणि पावाच्या डब्यामागे ठेवलं. फुंकायचं धाडस होईना. फुंकलं नाही तर ओडेसाचा फोन येणार, फुंकलं तर आकडा दिसणार. माझी अगदी पाचावर धारण बसली होती, तेव्हा मला ती अवदसा आठवली, म्हणजे ती युक्ती सुचली.

यंत्राला कुठे कळतंय फुंकणारा कोण आहे ते? आपल्या गावात एक गृहस्थ आहेत. नाव सांगणार नाही, त्यांनी मला बाबांच्या बोटीची शपथ घातली आहे. एवढंच सांगतो की वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठे, छाती पिंपासारखी, प्रत्येक लग्नात अकॉर्डियन वाजवतात आणि एका दमात चार ओळी गातात. (दोन वर्षांपासून तीनच गातात, पण लग्नात कोण मोजतंय.) सव्वीस वर्षं कारखान्यात खेकडे उकळायच्या खोलीत उभे आहेत, वाफेत, जिथे मी पाच मिनिटं टिकत नाही, आणि त्यांना आयुष्यात डॉक्टर लागलेला नाही, म्हणून ओडेसाच्या तपासणीलाही ते फिरकले नव्हते. बायको परगावी स्वयंपाकाच्या कामाला असते. (हे शेवटचं लिहायला नको होतं.) मी त्यांच्याकडे यंत्र घेऊन गेलो, सगळं सांगितलं, तर दाजी हसत म्हणाले, 'आण इकडे ते खेळणं.' (वरच्या वाक्यात दोन अक्षरी एक शब्द पडलाय, तो खोडायला मी शाई वाया घालवत नाही. तिथे 'ते गृहस्थ' असं वाच.)

रविवार होता. चर्चच्या हॉलमधून आम्ही नुकतेच गार ताट, म्हणजे गार मांस आणि तऱ्हेतऱ्हेचा कालवलेला बटाटा, जेवून आलो होतो. त्यांनी नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि भात्यातून सोडावी तशी हवा सोडली. ढग दोन रेघांच्या मध्ये जो बसला तो हलला नाही, ताई, दहा सेकंद! मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात आकडा उमटला. एकशे अठ्ठेचाळीस. त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, 'तुझा किती आला होता?' मी म्हटलं, अडुसष्ट. 'मग!' म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलून बसले. तोंडावर असा अभिमान होता, जणू मोठा मासा तराजूत टाकलाय. मला खरं काय ते माहीत होतं. आकडा जेवढा मोठा, तेवढी आतली आग मोठी.

अर्ध्या तासात ओडेसाचा फोन. 'काका, बसला आहात ना? मला एक अख्खं वाक्य न थांबता म्हणून दाखवा.' मी म्हणून दाखवलं. 'आरशात बघा, ओठ निळे दिसतात का?' मी आरशात बघायचं सोडून समोरच्यांच्या ओठांकडे बघायला लागलो. ते पाइप शोधत होते. ओठ मला निळे वाटले, मग जांभळे वाटले, मग लक्षात आलं की ते बीट आहे. बीट! गार ताटातला सेलिनामावशीचा बीट कालवलेला गुलाबी बटाटा! मी धावत जाऊन यंत्राबरोबरचा कागद काढला, त्यात स्वच्छ लिहिलं होतं की फुंकण्याआधी बीट नको, पालेभाजी नको, आकडा फुगतो. आणि यांनी दोन ताटं जेवून वर माझ्या ताटातला गुलाबी बटाटाही ओढून घेतला होता. आम्ही दोघं एकमेकांना मिठी मारून नाचलो, विश्वास ठेव, साठीच्या आसपासचे दोन बाप्ये त्या स्वयंपाकघरात नाचत होते, आणि फोनवरून ओडेसा ओरडत होती, 'काका! काका, काय पडलं?'

तिचं म्हणणं, बीटाने चढतो, पण थोडा, इतका नाही. तरी आठवडाभर बीट सोडा आणि मगच पुन्हा फुंका. आता तूच सांग, आपल्या गावात बीट सोडणं म्हणजे काय! बुधवारी हॉलमध्ये पुन्हा जेवण होतं. सेलिनामावशीने चमचाभर गुलाबी बटाटा पुढे केला, मी ताट मागे घेतलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या त्या गृहस्थांनीही मागे घेतलं. 'का रे? चाळीस वर्षं गिळतोयस, आज माझ्या बटाट्यात माशी पडली का?' खरं कारण सांगता येईना. मी म्हटलं, पोट बिघडलंय. 'दोघांचं?' म्हणाली. 'एकाच वेळी?' शुक्रवारपर्यंत गावात दोन बातम्या होत्या. एक अशी की आम्ही दोघं आपलं चर्च सोडून पलीकडच्या चर्चमध्ये जाणार, आणि दुसरी अशी की सेलिनामावशीच्या हातचं खाऊन दोघं आजारी पडले. बिचारी रडली, ताई. डल्सीने तिची समजूत घातली आणि मला दोन दिवस फक्त उकडलेला कॉड मासा वाढला. समेट म्हणून मावशीने आमच्या दाराशी लोणच्यातल्या बीटाच्या तीन बरण्या आणून ठेवल्या. मी त्या कपाटात लपवल्या, एखाद्याने दारू लपवावी तशा.

पुढचा रविवार उजाडला. आठवडाभर बीट नाही, कोबी नाही, सकाळपासून चहासुद्धा नाही. ते गृहस्थ आले, दारातच दोनदा थांबले (आपल्या घराची चढण, दुसरं काय), बसले, फुंकलं. ढग पुन्हा जागचा हलला नाही. एकशे एकोणचाळीस. या खेपेला कुणी हसलं नाही. ते म्हणाले, 'यंत्र बिघडलंय.' मी म्हटलं, असेल. मग ते खिडकीपाशी जाऊन बंदराकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला पहिल्यांदा ऐकू आलं, की त्यांच्या श्वासाला शेवटी एक बारीक शीळ आहे. मी ती ऐकली आणि मोठ्याने हवापाण्याबद्दल बोलायला लागलो.

आता गंमत ऐक. आकडा त्यांचा आणि धसका माझा. एकशे अठ्ठेचाळीस माझ्या नावावर लागले त्या दिवसापासून मी तपकिरी पंप असा काही घ्यायला लागलो, की पाळी म्हणून चुकवली नाही. ओडेसाने मात्रा दुप्पट केली, तीही घेतली. (नंतर चूळ भरायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण मी घाबरल्यामुळे ऐकलं नव्हतं. म्हणून हा कावळा.) तीन आठवड्यांनी तिने मला दवाखान्यात बोलावून स्वतःसमोर फुंकायला लावलं. एकतीस! तिने यंत्र हलवून बघितलं, पुन्हा फुंकायला लावलं. तीस. 'काका, इथे तीस आणि घरी एकशे एकोणचाळीस? तुमच्या घरात आहे तरी काय?' मग तीच म्हणाली, बुरशी असेल, मांजर असेल, मी घर बघायला येते.

हे डल्सीला सांगितल्यावर जे झालं ते लिहायला माझ्यात त्राण नाही. 'माझ्या घरात बुरशी? ह्या हातांनी मी आठवड्यातून दोनदा फरशी घासते आणि त्या पोरीची ही हिंमत? आणि अहो, तुम्ही मान डोलवत ऐकून घेतलंत?' चार दिवस तिने घर उपसलं. पडदे उतरवले, गालिचे कुंपणावर घालून बडवले, आणि ते बडवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला खरोखरीच धाप लागली. मांजराला शेडमध्ये हद्दपार केलं, ते अजून माझ्याकडे बघत नाही. ओडेसा आली, कोपऱ्यांत वास घेत हिंडली, दिवाणाखाली बॅटरी मारून बघितली, काही सापडेना. डल्सी हाताची घडी घालून तिच्या मागे मागे. शेवटी पोरगी दारात थांबली आणि हळूच म्हणाली, 'काका, तुम्हाला मला काही सांगायचंय का?' तिचे डोळे अगदी तिच्या आजीसारखे आहेत. मी म्हटलं, नाही गं, काही नाही. ती म्हणाली, 'एकशे एकोणचाळीसवाल्या माणसाला बरं वाटत असतं, काका. आणि मग एक दिवस एकदम वाटत नाही.' आणि गेली.

असो. थोडक्यात काय, माझा आकडा तीस आहे, लाइनवरची जागा शाबूत आहे, सेलिनामावशी बोलते आहे आणि घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं. काळजीचं कारण नाही. डल्सीचा नमस्कार, गुडघ्याला जप, आणि पत्राला उत्तर धाडायची घाई नाही.

तुझा भित्रा पण आज्ञाधारक भाऊ,
लिएंडर

ता. क. डल्सी विचारते, मागच्या नाताळात तू नेलेला केकचा निळा डबा तिकडे आहे का? असला तर गार्लंडबरोबर परत धाड.

ता. क. पुन्हा. डबा राहू दे. ताई, वर जिथे जिथे 'ते गृहस्थ' लिहिलंय तिथे हेडलीदाजी वाच. तू पहिल्या ओळीपासून तसंच वाचलं असशील. काळजीचं कारण नाही असं लिहिलं ते खोटं. माझ्या नावावर आकडा आहे, औषध आहे, ओडेसाचे फोन आहेत, आणि ज्याच्या छातीत ती आग आहे त्याच्या नावावर काही नाही, कोरा कागद, ठणठणीत माणूस. माझा निळा पंप कोटाच्या खिशात असायचा, तो हल्ली मी न मारताच हलका होत चाललाय. मी दाजींना विचारलं नाही. तपासून घ्या म्हणून हाता-पाया पडलो, तर म्हणाले, 'मेल्विनाने तो आवाज एकदा ऐकलाय, तिच्या बापाचा. माझा तिच्या कानावर जाता कामा नये. ती सगळं टाकून येईल आणि रात्रंदिवस माझा श्वास मोजत बसेल.' माझ्या अडुसष्टाला मी जेवढा घाबरलो होतो त्याच्या दसपट आता घाबरलोय, आणि या वेळी लाकडं फोडून भागणार नाही.

ता. क. शेवटचं. सोमवारी हे पत्र गार्लंडला दिलं की मी तसाच ओडेसाकडे जाणार आणि सगळं सांगून टाकणार. शपथ मोडेल. दाजी माझ्याशी बोलणं टाकतील. टाकू देत. रागाने नाही बोलले तर चालेल, दम नाही म्हणून नको. पण ओडेसाने बोलावलं तरी ते जायचे नाहीत, माझ्याबरोबर नाहीत, डल्सीबरोबर नाहीत, तुझ्याबरोबर जातील. तेव्हा त्या तीनशे जणांना सांग की पाव भाजायला शिका, आणि तू ये. आधी फोन करू नकोस. फोन सात-आठ वेळा वाजल्याशिवाय दाजी उचलत नाहीत म्हणून तू चिडतेस ना, की हा माणूस सदा परसात? ते परसात नसतात, ताई. ते फोनपाशीच उभे असतात. आधी सगळं खोकून घेतात आणि मग उचलतात.